बर्फाच्या कप्प्यातल्या दोन बाटल्या

भूगाव,
रविवार, ७ फेब्रुवारी २०१०

प्रिय उत्कर्षा,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इथे सगळे बरे आहेत. सासूबाईंचा गुडघा सोडला तर घरात कुणाचं काही दुखत नाही. फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. गेल्या महिन्यात मी तीनदा फोन केला होता तुला. पहिल्या वेळी आपण डिंकाच्या लाडवांवर बोललो, दुसऱ्या वेळी नागपूरच्या थंडीवर, आणि तिसऱ्या वेळी तू फोन ज्ञानूच्या कानाला लावलास, ती "हेमामावशी" म्हणाली आणि मी फोनच ठेवून दिला. मला बोलायचं होतं ते तिच्या इंजेक्शनाबद्दल. मागच्या मे महिन्यात आपण दोघींनी मिळून पोरींना न्यूमोनियाच्या लसीचा शेवटचा डोस दिला ना, त्याबद्दल. ते मला नीट सांगता येईल की नाही कुणास ठाऊक, कारण माझ्याच डोक्यात त्याचा पार गुंता झालाय. पत्रात तू मध्येच हसून विषय बदलू शकत नाहीस, एवढाच माझा फायदा.

आधी गावच्या बातम्या सांगते, म्हणजे हात जरा चालेल. तुमच्या वरच्या दोन खोल्यांत नांदेडचं एक जोडपं आलंय. तो हिंजवडीला जातो, ती दिवसभर फरशी पुसते. माणसं चांगली आहेत, पण जिना उतरताना कुणी हाक मारत नाही. तू उतरायचीस तेव्हा आधी तुझा आवाज यायचा आणि मग तू. समोरच्या बिल्डरच्या प्लॉटवर सातवा मजला चढला. आपल्या गच्चीवरून डोंगर दिसायचा तिथे आता लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. शेखरचा खडी-वाळूचा धंदा त्याच बिल्डरवर चाललाय, त्यामुळे आम्ही मुकाट्याने कपडे बघतो. आणि हो, मी आता गावची आशा झालेय. डिसेंबरात पौडला प्रशिक्षण झालं, निळी वही मिळाली, घरोघर जाऊन कुणाचं बाळ कुठल्या लसीचं राहिलंय ते बघायचं. ऋषिकेशला सांग, तो मला "भूगावची कलेक्टर" म्हणायचा ते आता थोडंफार खरं झालंय.

तुम्ही राहायला आलात तेव्हा तुला सातवा होता आणि मला आठवा. लातूरहून आलेली, पुण्यात कुणी नाही, आणि डोहाळे मात्र तुला आमच्याच चुलीवरच्या भाकरीचे लागले होते. माझी आरोही जानेवारीतली, तुझी ज्ञानदा फेब्रुवारीतली. सासूबाई पाय पसरून बसायच्या आणि आधी एकीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, मग दुसरीला. कधी कधी शेक देताना त्यांना आठवायचं नाही की कुठली झाली आणि कुठली राहिलीय. ज्ञानूला एका सकाळी दोनदा आंघोळ झाली होती, तू ऑफिसच्या फोनवर होतीस म्हणून तुला कधी कळलं नाही. हे मी आज कबूल करतेय, कारण पुढचं कबूल करायला थोडा सराव पाहिजे.

बाकीच्या सगळ्या लसी दोघींना अंगणवाडीत सगुणाबाई सिस्टरांनी दिल्या. ही एकच त्यांच्या पेटीत नव्हती. सरकारच्या यादीत ती नाहीच, ज्याला हवी त्याने विकत घ्यायची, आणि तीही अशी महाग की किंमत ऐकून शेखरने विचारलं होतं, यात सोनं उगाळून घालतात काय. सासूबाईंचं म्हणणं तुला पाठ असेल. "आमी हितं सात पोरं वाडवली, कुटं टोचली व्हती ही सुई?" सातातली दोन गेली हे त्यांच्या मोजण्यात नव्हतं. मीही टाळाटाळ करत होते. मग एकदा तू माझ्या ओट्याशी पोळ्या लाटता लाटता तुझ्या ताईच्या कौस्तुभचं सांगितलंस. दहा महिन्यांचा होता, ताप आला, मेंदूज्वर झाला, पोरगं वाचलं पण ऐकू येणं कायमचं गेलं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की जंतू हाच, ज्याची ही लस आहे. तू रडली नाहीस. पोळी उलटलीस आणि म्हणालीस, ताई अजून त्याला पाठीमागून हाक मारते. त्या संध्याकाळी मी शेखरला सांगितलं की आरोहीलाही द्यायची. तू नसतीस तर माझ्या डोक्यात हे आलंच नसतं, हे मी कुणाही पुढे सांगेन.

भूगावच्या आपल्या डॉक्टरांनी आपल्याला किती सोपं करून सांगितलं होतं. हा जंतू कुणाच्याही नाकाघशात असतो, धडधाकट मोठ्या माणसाला सहसा त्याचं काही वाटत नाही, पण दोन वर्षांच्या आतल्या लेकराच्या छातीत शिरला तर न्यूमोनिया, कानात गेला तर कान फुटतो, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात गेला तर मग काही खरं नाही. लस सगळ्याच न्यूमोनियांवर चालत नाही, या जंतूच्या काही जातींवर चालते, पण ज्या जाती जास्त धोक्याच्या त्यांच्यावर चालते. पहिले तीन डोस लहानपणी आणि चौथा वर्ष उलटल्यावर, आधीच्या तिघांचा जोर टिकावा म्हणून. पहिले तीन त्यांनी त्यांच्याच फ्रिजमधून काढून दिले. चौथ्याची वेळ आली तेव्हा त्यांच्याकडची लस संपली होती. त्यांनी लिहून दिलं, कोथरूडच्या दुकानातून आणा आणि सरळ दवाखान्यात या. शनिवारी ऋषिकेशने बर्फाच्या पिशवीतून दोन खोकी आणली, एक ज्ञानूचं आणि एक आरोहीचं, आणि दवाखान्याला कुलूप. डॉक्टरांचे वडील आजारी पडले म्हणून ते साताऱ्याला गेलेले, सोमवारी येणार. तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच आठवड्यात जळालेला. म्हणून तू दोन्ही खोकी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, हेमाताई, तुझ्या फ्रिजमध्ये ठेव, अगदी नीट ठेव.

उत्कर्षा, मी ती फारच नीट ठेवली. मे महिना होता, लाइट सकाळी तीन तास जायची आणि संध्याकाळी तीन तास. आपल्याकडे तेव्हा घरोघर एकच रीत होती. लाइट जायच्या आधी जे नासेल ते वरच्या बर्फाच्या कप्प्यात ढकलायचं. दुधाची पिशवी, इडलीचं पीठ, सगळं. बरं, पोलिओच्या रविवारी काय होतं? आदल्या दिवशी सिस्टर बर्फाचे पॅक गोठवायला आपल्याच फ्रिजमध्ये आणून ठेवतात आणि ते पोलिओचे डोस बर्फात बसून गावभर फिरतात. पाच वर्षं मी हे बघत आलेय. मग माझ्या हिशेबी लस जितकी गार तितकी चांगली. दुकानदाराने ऋषिकेशला गरम होऊ देऊ नका असं बजावलं होतं, तेही माझ्या कानावर होतं. खालच्या खणात लाइट गेल्यावर लोणीसुद्धा पातळ व्हायचं, तिथे एवढी महाग वस्तू कशी ठेवणार? मी दोन्ही खोकी स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा बर्फाच्या कप्प्यात अगदी आत सरकवला. तुला सांगितलंही नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. उलट माझ्या हुशारीवर मी खूश होते.

आता खरा गोंधळ इथून पुढे आहे. सोमवारी सकाळी सात वाजता डबा काढला तेव्हा खोक्यांवर बर्फाची भुरभुर होती, एवढं नक्की. ओली खोकी डॉक्टरांच्या हातात देणं बरं दिसत नाही म्हणून मी ती पुसली आणि खालच्या खणात ठेवली. अकराला आपण गेलो. पण बाटल्यांच्या आतलं औषध गोठलं होतं का? कधी मला स्पष्ट आठवतं की मी एक बाटली काढून तिरकी केली आणि आतलं पांढरं जागचं हललं नाही. कधी वाटतं की हे मी नंतर मनाने जोडलं, बाटली मी काढलीच नव्हती. ज्या दिवशी पहिलं आठवतं त्या दिवशी जेवण जात नाही आणि ज्या दिवशी दुसरं आठवतं त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाते. दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली हलवून उजेडाकडे धरली आणि विचारलं, फ्रिजमध्येच होती ना? तू माझ्याकडे बघितलंस आणि मी छाती पुढे काढून म्हणाले, हो साहेब, दोन दिवस बाहेरची हवा लागू दिली नाही. त्यांनी मान हलवली. पोरी रडल्या, आपण त्यांना चिकू दिला आणि घरी आलो.

जूनमध्ये तुम्ही नागपूरला गेलात आणि मी हे सगळं विसरून गेले. मग डिसेंबरात पौडच्या प्रशिक्षणात सगुणाबाईंनी त्रिगुणी लसीच्या दोन बाटल्या आमच्यासमोर टेबलावर ठेवल्या. एक मुद्दाम गोठवून परत पातळ केलेली, एक नुसती गार ठेवलेली. दोन्ही खळखळून हलवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. थोड्या वेळाने एकीच्या तळाला चुन्यासारखा गाळ बसला, वर निव्वळ पाणी. दुसरी तशीच पांढरी. "बघितलं का? ही गोठल्याली. हिच्यात आता काय दम न्हाई. टोचलं काय आन् न टोचलं काय, सारखंच. पोलिओचं येगळं, त्याला बर्फ चालतुया. समद्या लशींना न्हाई." बाकीच्या बायका वहीत लिहून घेत होत्या. मला माझा तो स्टीलचा डबा आठवला. चहाच्या सुट्टीत मी त्यांना बाजूला घेऊन आपल्या त्या महाग लसीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मला त्या लशीचं ठाऊक न्हाई बया. खोक्यात कागद आसतो, त्यो वाच." आरोहीचं रिकामं खोकं मी मणी ठेवायला वापरत होते, कागद त्यातच घडी घालून होता. माझं इंग्रजी बारावीपुरतं, पण गोठवू नये आणि गोठली तर वापरू नये, एवढं मला डिक्शनरी न उघडता कळलं.

पण गोठली होती का, याचं उत्तर कागदावर कसं असणार? मग मी काय केलं माहीत आहे? कानात घालायच्या औषधाची एक रिकामी बाटली धुतली, पाणी भरलं आणि स्टीलच्या डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. लाइट जाते त्या वेळा वहीत लिहिल्या. पहिल्यांदा बाटली दगडासारखी झाली. मग लक्षात आलं की डिसेंबर आहे, मे नाही, आणि लाइटही आता कमी जाते. म्हणून दुसऱ्यांदा तीन-तीन तास बटण बंद ठेवलं. तेव्हा कडेला बर्फ आणि मधे पाणी. तिसऱ्यांदा सासूबाईंच्या हाताला बाटली लागली. "काय गं हेमे, पानी गोठवून कुणाच्या कानात घालतीयास?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पदराने बाटली पुसून माझ्या हातात दिली. "पोरगी तकडं हासतीया, खेळतीया न्हवं? मग कशाला उकरून काढतीस? चार महिन्यांनी आठवलं म्हंजी काय झालंच न्हाई." महिने सात झाले होते, पण ते जाऊ दे. शेखर म्हणाला, "शिकल्याली माणसं हायेत ती, हेमा. त्यांना वाटंल आपण लपवलं. आन् गावात कळलं तर तुज्या हाताखाली कोण आनंल आपलं पोर?" यातलं दुसरं माझ्या जिव्हारी लागलं. नथूआप्पांच्या नातवाला लसीसाठी अंगणवाडीत आणायला मी पाच चकरा मारल्यात. त्या घरात ही गोष्ट पोचली तर ती माणसं म्हणतील, बघा, लसवालीनंच लस नासवली, आणि पोराला पुन्हा दाराबाहेर काढणार नाहीत.

तर असं माझं चाललं होतं. सांगावं म्हटलं की वाटायचं, चौथाच तर डोस, आधीचे तीन चांगले झालेत, त्यांचा काहीतरी आधार असेलच. सांगू नये म्हटलं की तुझ्या ताईची ती पाठीमागून मारलेली हाक ऐकू यायची. बाटली गोठलीच नसेल तर मी तुझा जीव उगाच टांगणीला लावायचा का? आणि गोठली असेल तर? ज्ञानू दोन वर्षांची व्हायला अजून बारा दिवस आहेत. त्या दुसऱ्या फोनवर तू सांगितलंस की एक मार्चपासून तू नोकरीवर जाणार आणि ज्ञानू पाळणाघरात, तिथे सोळा मुलं आहेत. म्हणालीस, पाळणाघरातल्या बाईंनी लसीचं कार्ड मागितलं, सगळे रकाने भरलेले बघून त्या खूश झाल्या, आणि तू त्यांना सांगितलंस, हे आमच्या हेमाताईमुळे. ते ऐकून मी तुला थंडी किती आहे ते विचारलं. कार्डावर चौथ्या रकान्यात शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. नसेल ती फक्त लस. किंवा असेलही. मला माहीत नाही, उत्कर्षा, हे मी देवाशप्पथ सांगते.

आता जे राहिलंय त्यासाठीच हे पत्र आहे. सोबत आपल्या डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी आहे, तुझ्या नागपूरच्या डॉक्टरांसाठी. मेमधला डोस गोठला असण्याचा संभव आहे, तो धरू नये, एक डोस पुन्हा द्यावा, असं तिच्यात लिहिलंय. पुन्हा दिल्याने काही बिघडत नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. चिठ्ठीवरची तारीख तू बघशीलच. दोन जानेवारी. त्या दिवशी मी आरोहीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेले, सगळं सांगितलं, आणि तिला त्यांच्या फ्रिजमधल्या लसीचा डोस पुन्हा देऊन आणला. डॉक्टरांनी विचारलं, दुसरी बाटली जिला दिली तिच्या घरी कळवलंत का? मी म्हणाले, आजच कळवते. त्याला आज छत्तीस दिवस झाले. नव्या तारखेची चिठ्ठी मागून आणावी असंही मनात आलं, परवा दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले आणि लाजेने परत फिरले. वर एवढी पानं मी गोंधळ लिहिला तो खोटा नाही, पण आरोहीला घेऊन निघाले तेव्हा मला कसलाच गोंधळ नव्हता. बाटली गोठली होती की नाही हे तेव्हाही माहीत नव्हतं, तरी निघाले. माझ्या पोरीसाठी शंका पुरली आणि तुझ्या पोरीसाठी मी खात्री शोधत बसले. याला काय म्हणायचं ते तू म्हण, मी ऐकून घेईन. पत्र उद्या कुरियरने निघेल आणि बुधवारी तुझ्या हातात पडेल. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी तुझ्या घरच्या नंबरवर फोन करेन, म्हणजे मला लाडवांवर जाता येणार नाही. फक्त त्या वेळी तू घरी नसावीस. ज्ञानूला घेऊन दवाखान्यात गेलेली असावीस. राग संध्याकाळी काढ, मी फोनजवळच बसून राहीन.

रागावशील तेव्हाही तुझीच,
हेमलता